नदीच्या पाण्यातील ऋतुमानीय बदल

पावसाळा, हिवाळा व उन्हाळा या ऋतूंबरोबर नदीच्या पाण्याचे तापमान, गढूळपणा, त्यात विरघळलेले वायू व लवणे, त्यातील सूक्ष्मजीव आणि कुजणारे कार्बनी पदार्थ यांच्या प्रमाणांत जे फरक पडत जातात, त्यांना नदीच्या पाण्यातील ऋतुमानीय बदल असे म्हणतात. हे फरक किरकोळ नसतात. एकाच घाटावरून भाद्रपदात व वैशाखात घेतलेले पाण्याचे दोन नमुने शेजारी ठेवले, तर ते एकाच नदीचे आहेत हे केवळ परीक्षणाच्या आकड्यांवरून ओळखता येईलच असे नाही. म्हणून ‘अमुक नदीचे पाणी चांगले आहे’ किंवा ‘वाईट आहे’ या विधानाला महिन्याचा उल्लेख केल्याशिवाय फारसा अर्थ राहत नाही.

मोसमी पावसाच्या प्रदेशात हे बदल विशेष तीव्र असतात. महाराष्ट्रात वर्षातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्यांना हिमालयातील नद्यांप्रमाणे बर्फाचा आधार नाही. उरलेल्या आठ महिन्यांत त्यांच्या पात्रात जे पाणी असते ते खडकांतून व मातीतून झिरपून आलेले, धरणांतून सोडलेले किंवा गावांनी व कारखान्यांनी वापरून टाकून दिलेले असते. या तिहींचे परस्पर प्रमाण महिन्यागणिक बदलते व गुणवत्तेतील बहुतेक फरकांचे मूळ त्यातच सापडते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दख्खनच्या पठारावरील नद्यांचा, व त्यांतही उदाहरणादाखल पंचगंगेचा, विचार केला आहे.

प्रवाह, तापमान व ऑक्सिजन : नदीत पडणारी घाण आणि ती सामावून घेणारे पाणी या दोन राशींवर गुणवत्ता अवलंबून असते. मैलापाण्याचे मान वर्षभर जवळजवळ सारखे असते; बदलतो तो मुख्यतः प्रवाह. एखाद्या शहरातून दर सेकंदाला १ घ. मी. मैलापाणी नदीत येते व त्याची जीवरासायनिक ऑक्सिजन मागणी (कार्बनी पदार्थांचे विघटन करताना ऑक्सिजीवी जंतू ठराविक काळात जेवढा ऑक्सिजन वापरतात ते प्रमाण) लिटरला २०० मिग्रॅ. आहे, असे मानू. वरून दर सेकंदाला ९९ घ. मी. स्वच्छ पाणी येत असेल, तर मिश्रणातील ही मागणी लिटरला २ मिग्रॅ. होते आणि नदी ती सहज पेलते. प्रवाह ९ घ. मी. पर्यंत उतरला की तीच मागणी २० मिग्रॅ. आणि ३ घ. मी. पर्यंत उतरला की ५० मिग्रॅ. होते. शहराने जास्त घाण केलेली नसते. नदी लहान झालेली असते. पावसाळी प्रवाह व उन्हाळी प्रवाह यांतील तफावत आपल्या नद्यांत या उदाहरणातील तफावतीपेक्षाही पुष्कळदा मोठी असते.

तापमानाने ही अडचण वाढते. पाण्यात ऑक्सिजन विरघळण्याला मर्यादा आहे व पाणी तापेल तशी ती खाली येते. समुद्रसपाटीच्या हवादाबाला गोड्या पाण्यात ० °से. ला लिटरमागे सु. १४·६ मिग्रॅ., २० °से. ला सु. ९·१ मिग्रॅ., ३० °से. ला सु. ७·६ मिग्रॅ. आणि ३५ °से. ला सु. ७ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो. उलटपक्षी, कार्बनी पदार्थ कुजविणाऱ्या जंतूंची क्रिया तापमानात १० °से. वाढ झाली की दीडपटीहून अधिक वेगवान होते. म्हणजे उन्हाळ्यात साठा कमी व खर्च जास्त, अशी स्थिती होते. ही मागणी पाश्चात्त्य देशांत २० °से. तापमानाला पाच दिवसांत मोजण्याचा परिपाठ आहे, तर भारतात उष्ण हवामान लक्षात घेऊन ती २७ °से. ला तीन दिवसांत मोजतात.

घाण मिसळल्यावर नदीतील ऑक्सिजन एकदम संपत नाही. जंतू तो वापरत असतात आणि पृष्ठभागावरून हवेतील ऑक्सिजन पाण्यात शिरत असतो. या दोन विरुद्ध क्रियांचे गणित एच. डब्ल्यू. स्ट्रीटर व ई. बी. फेल्प्स यांनी अमेरिकेतील ओहायओ नदीच्या अभ्यासावरून १९२५ मध्ये मांडले. त्यानुसार मैलापाणी मिसळण्याच्या जागेपासून खाली जाताना ऑक्सिजनाचा आलेख आधी उतरतो, एका ठिकाणी नीचांक गाठतो व पुढे हळूहळू वर चढतो. ऋतुमानाप्रमाणे या खोलगट वक्राचा आकार बदलतो. थंडीत तो लांब व उथळ असतो. उन्हाळ्यात, विशेषतः संथ पाण्यात, तो आखूड व खोल होतो आणि नीचांकाची जागा शहराच्या अगदी जवळ सरकते. खळाळत्या उथळ प्रवाहात हवा भराभर मिसळते, डोहात मिसळत नाही. वाहत्या पाण्याला विटाळ नाही, ही जुनी समजूत याच निरीक्षणावर आधारलेली असावी. मात्र त्यात ‘वाहत्या’ या शब्दाला महत्त्व आहे.

पावसाळा : पावसाने नदी स्वच्छ होते, असे सामान्यतः मानले जाते. हे अखेरीस खरे ठरत असले, तरी आरंभी परिस्थिती नेमकी उलट असते. वळवाच्या व मृगाच्या पहिल्या जोरदार सरींबरोबर आठ महिने साठलेले सर्व काही एकदम नदीत उतरते. ओढ्यानाल्यांत साकळलेला काळा गाळ, रस्त्यांवरील तेलकट धूळ, उकिरडे, गोठ्यांतील व शेतांतील खत, उघड्यावरील मैला आणि नदीच्याच तळाशी बंधाऱ्यांमागे कुजत पडलेला थर ढवळून निघतो. त्या वेळी नदीचा प्रवाह ही भर सौम्य करण्याइतका वाढलेला नसतो आणि पाणीही अजून कोमट असते. परिणामी एकदोन दिवसांत, कधी काही तासांतच, पाण्यातील ऑक्सिजन जवळजवळ नाहीसा होतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात व पुढे मरून काठाला लागतात. आयते सापडले म्हणून ते टोपल्यांनी गोळा केल्याची दृश्ये अनेक नद्यांवर दिसतात. कोकणात पहिल्या पावसात अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून वर चढणाऱ्या माशांना वलगणीचे मासे म्हणतात. तो निराळा व निकोप प्रकार होय. गुदमरून वर आलेल्या माशांशी त्याची गल्लत करू नये.

पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीनेही हाच काळ सर्वांत धोक्याचा. विष्ठेतील जंतूंचे प्रमाण पहिल्या पावसात एकाएकी वाढते आणि कॉलरा, हगवण, गॅस्ट्रो, विषमज्वर यांच्या साथींचा मोसम याच सुमारास सुरू होतो. नव्या पाण्याने पोट बिघडते, ही खेड्यांतील जुनी तक्रार हवापालटावर सोडून देण्यासारखी नाही. तिला जंतुशास्त्रीय आधार आहे.

पाऊस स्थिरावला की चित्र पालटते. प्रवाह अनेक पटींनी वाढून विरघळलेली लवणे, मैलापाणी व कारखान्यांतील सांडपाणी सौम्य होते, ऑक्सिजन संपृक्त प्रमाणाजवळ येतो व दुष्फेनपणा (साबणाचा फेस सहजपणे न होण्याचा गुणधर्म) वर्षातील नीचांकाला जातो. आता मुख्य दोष उरतो तो गढूळपणाचा. जांभ्या दगडाच्या कोकणात पुराचे पाणी तांबडे, तर काळ्या जमिनीच्या पठारावर ते काळपट तपकिरी असते. काळ्या मातीतील मृत्तिकेचे कण अतिसूक्ष्म असतात. ०·००२ मिमी. व्यासाच्या कणाला स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसण्यास सु. तीन दिवस लागतात आणि त्याहून बारीक कण व्यवहारतः बसतच नाहीत. या कणांवर ऋण विद्युत् भार असल्याने ते एकमेकांना दूर सारतात. तुरटीतील ॲल्युमिनियम हा भार नाहीसा करते. मग कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात व तळाशी बसतात. घरोघरी माठातल्या पाण्यात तुरटी फिरविण्याची किंवा निवळीचे बी उगाळून टाकण्याची रीत याच तत्त्वाची आहे.

गढूळपणा हा केवळ डोळ्यांना खटकणारा दोष नव्हे. मातीच्या कणांच्या आडोशाला असलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची इष्ट मर्यादा १ एकक व दुसरा स्रोत नसल्यास ५ एकके अशी ठेवली आहे. पुराच्या पाण्यात हा आकडा शेकड्यांत व प्रसंगी हजारांत जातो. शुद्धीकरण केंद्रांतील तुरटीचा खप जुलै-ऑगस्टमध्ये वाढतो तो यामुळेच. मोठ्या पुरात तर प्रश्न गुणवत्तेच्याही पलीकडे जातो. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरात उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने कोल्हापूर शहराचा पाणीपुरवठा खंडित झाला व पाण्याने वेढलेल्या वस्त्यांना टँकरने पाणी द्यावे लागले.

येथे प्रमाण व एकूण भार यांतील भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पुरात एका लिटरमागे प्रदूषक कमी दिसतात. परंतु नदी एकूण जे वाहून नेते त्याचा फार मोठा हिस्सा याच काळातील असतो. १९७० च्या दशकातील मोजमापांनुसार गोदावरी वर्षाला सु. १७ कोटी टन गाळ समुद्रात नेत असे व त्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक पावसाळ्यात जात असे (पुढे धरणे वाढल्यावर हे मान बरेच घटले). शेतांतील नायट्रेट व मातीला चिकटलेले फॉस्फेट प्रामुख्याने याच गाळाबरोबर व पाण्याबरोबर धरणांत येऊन पडतात. त्यांचे परिणाम मात्र लगेच दिसत नाहीत, ते उन्हाळ्यात उमटतात.

हिवाळा : परतीचा पाऊस ओसरल्यावर गाळ खाली बसतो व नदीचे पाणी निवळशंख होते. दसरा-दिवाळीपासून साधारणतः जानेवारीपर्यंतचा हा काळ पठारावरील बहुतेक नद्यांचा सर्वांत चांगला काळ होय. पाणी थंड असल्याने ऑक्सिजन भरपूर असतो आणि प्रवाह अजून पुरेसा असतो. हे पाणी मुख्यतः भूजलाच्या पाझराचे असते. बेसाल्ट खडकातील खनिजांवर कार्बन डाय-ऑक्साइडयुक्त पाण्याची क्रिया होऊन त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम यांची बायकार्बोनेटे आणि सिलिका विरघळलेली असतात. त्यामुळे पाऊस मागे पडत जाईल तसतशी पाण्याची विद्युत् संवाहकता व दुष्फेनपणा क्रमाने वाढत जातो. जेथे भूजलच खारे आहे, उदा., विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात, तेथे पाझराचे पाणीही त्याच गुणाचे असते. [⟶ भूजल].

थंडी सर्वत्र हितकारकच ठरते असे नाही. मैलापाण्यातील अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करणारे जंतू थंड पाण्यात मंदावतात. दिल्लीजवळ यमुनेचा प्रवाह हिवाळ्यात क्षीण असतो. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास अमोनियाचे प्रमाण वाढून तेथील काही जलशुद्धीकरण केंद्रांना उत्पादन कमी करण्याची किंवा ते थांबविण्याची वेळ वारंवार आली आहे. याचे कारण असे की, क्लोरीन आधी अमोनियावर खर्च होतो. अमोनियातील नायट्रोजनाच्या सु. ८ ते १० पट क्लोरीन दिल्याशिवाय जंतुनाशनाला मोकळा क्लोरीन उरत नाही.

उन्हाळा : उन्हाळ्यातील स्थिती समजण्यास पंचगंगेचे उदाहरण उद्बोधक आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांच्या संगमानंतर प्रयाग चिखलीपासून ती पंचगंगा म्हणून ओळखली जाते (पाचवी सरस्वती गुप्त मानतात) आणि सु. ८० किमी. वाहून नरसोबाच्या वाडीजवळ कृष्णेला मिळते. तिच्या पाणलोटात गगनबावड्याच्या बाजूला वर्षाकाठी ५,००० मिमी. पेक्षा अधिक, तर तेथून जेमतेम ५५ किमी. वरील कोल्हापुरात सु. १,००० मिमी. पाऊस पडतो. पावसाळ्यात वाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरावे आणि उन्हाळ्यात धरणांतून आवर्तन सुटेपर्यंत पात्रात ओघ नसावा, असे या नदीचे दुहेरी रूप आहे.

नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यात त्यांचे बरगे काढून ठेवतात व पूर विनाअडथळा वाहू देतात. पाऊस संपल्यावर, साधारणतः ऑक्टोबरपासून, बरगे बसवून पाणी अडवितात. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या राधानगरी धरणातून व इतर धरणांतून सुटणारे आवर्तन या बंधाऱ्यांच्या साहाय्याने शेतीला मिळते. सिंचनाची ही पद्धत अतिशय स्वस्त व कल्पक असून तिच्यामुळेच हा भाग समृद्ध झाला. गुणवत्तेच्या दृष्टीने मात्र तिचा परिणाम असा होतो की, आठ महिने नदी ही नदी न राहता डोहांची एक माळ बनते. वेग मंदावल्याने हवेतून ऑक्सिजन कमी मिसळतो, तरंगणारी घाण बंधाऱ्यामागे तळाशी बसते आणि तेथे ऑक्सिजनावाचून कुजून मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू सोडते. सडक्या अंड्यासारखा वास व बुडबुडे ही त्याची खूण.

कारखान्यांचे वेळापत्रकही प्रतिकूल आहे. ऊस ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल या काळात गाळला जातो, म्हणजे साखर कारखान्यांच्या सांडपाण्याचा मोसम आणि प्रवाह घटण्याचा मोसम एकच असतो. उसाच्या मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी तर मैलापाण्याच्या शेकडो पट तीव्र असते. त्याची थोडी गळतीही क्षीण प्रवाहाला पुरी पडते. कोल्हापूर व इचलकरंजी या शहरांचे मैलापाणी आणि कापडावरील प्रक्रियांचे रंगीत पाणी वर्षभर येतच असते. आवर्तन सुटले किंवा वरच्या बंधाऱ्याचे बरगे काढले की अडलेले काळे पाणी एका घोळक्याने पुढे सरकते आणि खालच्या बंधाऱ्यात मासे मरतात. खालच्या गावांना हे संकट अकस्मात आल्यासारखे वाटते. वस्तुतः ते कित्येक आठवडे वर साठत आलेले असते. मे-जून २०१२ मध्ये इचलकरंजीत हिपॅटायटिस ई प्रकारच्या काविळीची मोठी साथ आली. हा विषाणू मैलापाण्याने दूषित झालेल्या पिण्याच्या पाण्यावाटे पसरतो. नदी सर्वांत क्षीण असण्याचा आणि पहिल्या पावसाचा असे दोन्ही धोक्याचे काळ त्या महिन्यांत एकत्र येतात.

संथ, उबदार व फॉस्फेटयुक्त पाण्यात शैवलांची बेसुमार वाढ होते. पुणे व पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमा यांच्यामार्फत १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात येते. पावसाळा सरल्यानंतर त्या जलाशयाच्या पाण्यावर नीलहरित शैवलांचा हिरवा थर दिसू लागतो. सोलापूर शहराला याच जलाशयाचे पाणी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या रंगाचे गांभीर्य कळते. यांतील काही शैवले यकृताला अपायकारक विषे तयार करतात. नद्यांवर याच काळात जलपर्णी पसरते. तिच्या जाड गालिच्याखाली प्रकाश पोहोचत नाही व हवा मिसळत नाही. शिवाय ती कुजू लागली की पुन्हा ऑक्सिजन खर्ची पडतो.

हिरव्या पाण्यात ऑक्सिजनाचे प्रमाण एकाच दिवसात दोन टोके गाठते. दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे ते संपृक्त प्रमाणापेक्षाही बरेच वर जाते, तर रात्री शैवलांच्याच श्वसनामुळे पहाटेपर्यंत शून्याजवळ येते. दुपारी पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड संपल्याने पीएच मूल्य ९ पर्यंत चढते व त्याने अमोनियाचे विषारीपण वाढते. ३० °से. तापमानाला पीएच ७ असता एकूण अमोनियापैकी १ टक्क्याहून कमी भाग माशांना मारक अशा मुक्त रूपात असतो, तर पीएच ९ असता तो सु. ४५ टक्के होतो. अमोनिया तेवढाच, पण दुपारच्या उन्हात तो जवळजवळ पन्नासपट घातक, असा हा प्रकार आहे.

इतर प्रदेशांतील नद्या : ऋतुचक्राचा क्रम सर्वत्र सारखा नसतो. गंगा व तिच्या हिमालयीन उपनद्या एप्रिल-मेपासून बर्फ वितळल्याने वाढू लागतात व त्यांच्यात हिमनद्यांनी दळलेले पीठासारखे बारीक खडकचूर्ण मिसळते. म्हणजे सह्याद्रीतील नद्या क्षीण असताना तिकडील उगमाजवळच्या नद्या गढूळ व भरलेल्या असतात. नाशिकचा सिंहस्थ पावसाळ्यात व प्रयागचा कुंभमेळा माघात भरतो; स्नानासाठी दोन्हीकडे मोठी गर्दी जमत असली, तरी ती सामावणारे पाणी दोन्हीकडे अगदी वेगळ्या अवस्थेत असते. समशीतोष्ण यूरोपात धोक्याचा काळ उन्हाळाच. १८५८ च्या जूनमध्ये उष्णतेने व कमी पावसाने थेम्स नदीला अशी दुर्गंधी सुटली की, ब्रिटिश संसदेला लंडनच्या भुयारी गटारांचा प्रश्न तातडीने हाती घ्यावा लागला. सायबीरियातील ओब नदीत मात्र संकट हिवाळ्यात येते. बर्फाच्या जाड कवचामुळे हवेचा संपर्क तुटतो, दलदलीतून येणारे पाणी उरलासुरला ऑक्सिजन वापरते व मासे गुदमरतात. तेथे या घटनेला ‘झामोर’ म्हणतात.

कोकण व गोव्यातील नद्यांच्या मुखांशी ऋतुमानाचा मुख्य परिणाम खारेपणावर होतो. मांडवी व झुआरी यांच्या खाड्यांत पावसाळ्यात मुखापर्यंत गोडे पाणी लोटते; पाऊस थांबल्यावर समुद्राचे पाणी भरतीबरोबर हळूहळू आत शिरत मेपर्यंत कित्येक किमी. वर पोहोचते. वासिष्ठीची कथा वेगळी आहे. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर अवजल म्हणून पश्चिमेकडे वासिष्ठीत सोडले जाते. त्यामुळे चिपळूणजवळ ही नदी उन्हाळ्यातही भरलेली असते आणि तिची पातळी पावसापेक्षा विजेच्या मागणीनुसार, दिवसातल्या दिवसातही, कमीजास्त होते. माणसाने ऋतुचक्र उलटविल्याचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल.

मोजमाप व मानके : महाराष्ट्रात जलप्रदूषणाविषयीचा पहिला कायदा १९६९ मध्ये व सर्व देशासाठी १९७४ मध्ये झाला. केंद्रीय मंडळाने १९७८ पासून नद्यांच्या नियमित परीक्षणास आरंभ केला. २०१८ मध्ये मंडळाने देशातील ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरविले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील असून ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. स्नानास योग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिग्रॅ. ऑक्सिजन असावा व जीवरासायनिक ऑक्सिजन मागणी ३ मिग्रॅ. पेक्षा जास्त नसावी, असा दंडक आहे.

अशा दंडकाशी वार्षिक सरासरी ताडून पाहण्याची सवय दिशाभूल करणारी आहे. समजा, दहा महिने ऑक्सिजन लिटरला ७ मिग्रॅ. व एप्रिल-मे हे दोन महिने केवळ १ मिग्रॅ. आहे. सरासरी ६ मिग्रॅ. येते व नदी उत्तीर्ण होते. त्या दोन महिन्यांत तिच्यातील मासे मात्र मेलेले असतात. नमुना दुपारी घेतला की पहाटे घेतला, बंधाऱ्याच्या वर घेतला की खाली, आवर्तन सुटण्यापूर्वी की नंतर, याचीही नोंद असावी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या वेळचा प्रवाह मोजलेला असावा. तो नसल्यास प्रमाण कळते, भार कळत नाही आणि पाणी सुधारले की केवळ पाऊस जास्त झाला, हे सांगता येत नाही.

सांडपाण्याच्या मानकांमागेही प्रवाहाचे एक गृहीत दडलेले असते. ब्रिटनमधील मैलापाणीविषयक रॉयल आयोगाने १९१२ मध्ये प्रक्रियेनंतरच्या पाण्यासाठी २० मिग्रॅ. जीवरासायनिक मागणी व ३० मिग्रॅ. तरंगते पदार्थ ही मर्यादा सुचविली, ती नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी उपलब्ध असल्याच्या अटीवर. पुढे अनेक देशांत अशा स्वरूपाचे आकडे घेतले गेले आणि ती अट मागे राहिली. भारतात पर्यावरण संरक्षण नियमांखालील सर्वसाधारण मानकानुसार नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्याची मागणी ३० मिग्रॅ. पर्यंत चालते. ती स्नानयोग्य ३ मिग्रॅ. वर येण्यास एकूण मिश्रण सांडपाण्याच्या दहापट, म्हणजे पूर्णतः शुद्ध पाणी नऊपट, असावे लागते. जुलैत ते शंभरपटही असते. एप्रिलमध्ये पठारावरील कित्येक नद्यांत ते सांडपाण्याइतकेही नसते. अशा वेळी प्रत्येक कारखाना व प्रत्येक नगरपालिका नियमात राहूनही नदी नियमाबाहेर जाऊ शकते.

अमेरिकेत यावर उपाय म्हणून दहा वर्षांतून एकदा येणारा सलग सात दिवसांचा किमान प्रवाह गृहीत धरून सांडपाण्याचे परवाने ठरविण्याची पद्धत आहे. दख्खनच्या नद्यांना ती जशीच्या तशी लावल्यास किमान प्रवाह अनेक ठिकाणी शून्य येईल व उन्हाळ्यात नदीत काहीही सोडता येणार नाही. त्याला पर्याय म्हणजे उन्हाळ्यापुरते प्रक्रिया केलेले पाणी तलावांत साठविणे, ते शेतीला देणे, अथवा धरणांच्या आवर्तनात सिंचनाबरोबर नदीच्या प्रवाहासाठीही पाणी राखून ठेवणे. यांतील पहिल्या दोहोंना जमीन लागते व तिसऱ्याला उसाच्या वाट्याचे पाणी. [⟶ जलप्रदूषण, जलसिंचन].